सात किलो

रोल्याच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर
रात्री पावणेतीनला मी भाडं बघत बसतो.
एसीचा जुना खोकला चालू,
हेमांगीचा हात उशीखाली,
आणि मोबाईलच्या उजेडात माझं तोंड
मासळीच्या बर्फासारखं निळं.

मंगळवारी उतरतं म्हणतात.
कुणी म्हणतं पंधरवडा आधी, कुणी बरोबर सत्तावन्न दिवस.
ऑफिसातला परकार सांगतो, एकाच फोनवरून सारखं बघू नकोस,
त्याला कळतं तुला गरज आहे,
आणि गरज कळली की भाव चढतो.
परकारने गेल्या साली मुलीचं लग्न केलं.
त्याला माहीत असणार.

तशी अकरा वर्षं बघतोय भाडं,
पण एकाच गावचं.
जुलैत अठराशे दिरहॅम, गणपतीच्या आठवड्यात विचारूच नका.
इथे सुट्टी एकाच दिशेला उडते:
गोव्यापर्यंत विमान, पुढे सावंतवाडीची गाडी.
चाळीस किलोंची मुभा, साठ किलोंची यादी.
आत्याला गुडघ्याचा पट्टा, मेहुण्याला बूट नऊ नंबर,
समोरच्या भाऊंना दाढीचं यंत्र, ते मागच्यासारखं नको,
बदाम सगळ्यांना, मोजून.

एकदा दीड किलो जास्त भरलं.
हेमांगी काट्याजवळ उकिडवी बसून राहिली,
कुणाचं काढू?
शेवटी तिने स्वतःची मोरपंखी साडी काढली,
नणंदेच्या वास्तुशांतीला नेसायची होती ती,
आणि वजन बरोबर आलं.

यंदा डिसेंबरात, भांडी विसळता विसळता,
माझ्याकडे न बघता म्हणाली,
"जिथे आपलं कुणीच नाही
अशा ठिकाणी जाऊ या का चार दिवस?"

मी नळ बंद केला.
वाटलं, पाण्याच्या आवाजात काहीतरी चुकीचं ऐकलं.

मग नकाशा. येरेवान, बाकू, तिबिलिसी.
अर्णव तिबिलिसी तिबिलिसी करत घरभर,
जणू गालात लिमलेटची गोळी.
खालच्या कुंजुमोनच्या ट्रॅव्हल्समध्ये गेलो.
"जॉर्जिया? थंडीत? फॅमिली?"
त्याने कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवला, तोंडाने आकडा बोलला नाही.
मी म्हटलं, बघतो.
बघतो म्हणजे काय
ते त्याला मल्याळममध्येही कळतं.

म्हणून ही रात्र. म्हणून ही सतरावी रात्र.
पहाटे तीन चाळीसला
चारशे एकोणीस.
डोळे चोळले. चारशे एकोणीसच.
खाली मुंगीच्या अक्षरात:
खिडकी हवी तर पैसे, जेवण पैसे, पाणीसुद्धा विकत,
सामान माणशी सात किलो, हातातलं.
पासपोर्टचा नंबर टाकेपर्यंत चारशे सत्तेचाळीस झालं.
तिघांचे चौऱ्याऐंशी, नुसत्या बोटांच्या मंदपणाचे.

बँकेचा आकडा आला फोनवर. सहा अंक.
त्यांच्याच वर, कालचा, आईचा मेसेज:
यंदा मे की जून?
अंगठा तिथे अडला थोडा वेळ.
एसी खोकला.
मग मी सहा अंक भरले,
शाळेत चोरून आवळे पाडायचो
तसे, भराभर, मागे न बघता.

आईला अजून सांगितलेलं नाही.
सांगेन.

काल तोच काटा काढला पलंगाखालून.
हेमांगीची बॅग: पाच किलो आठशे.
दोन स्वेटर परकारच्या घरून आणलेले, मोजे, गोळ्या,
भाजणीचा डबा, कारण तिथे काय मिळेल कुणास ठाऊक.
पुन्हा ठेवली. पाच आठशे.
एक किलो दोनशे शिल्लक,
आणि द्यायचं कुणालाच काही नाही.
ती काट्याकडे बघत उभी,
आकडा जणू परक्या भाषेतला.

मग कपाटाच्या वरच्या खणातून,
डांबरगोळीच्या वासासकट,
तिने ती मोरपंखी साडी उतरवली.
बर्फात साडी कुठे नेसणार
हे मी विचारलं नाही.
बॅग गुडघ्याने दाबून धरली,
तिने चेन ओढली.